पाहुणा, प्रेक्षक आणि हातातल्या अक्षता : समारंभातल्या कार्यक्रमांविषयी

(नागपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काहींनी आम्हाला आधीच विचारलं, की लग्न, वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ यांत गाणं कुणाचं ठेवायचं, नाच कुणाचा ठेवायचा, यावर व्याख्यान कशाला? आणि त्यात समीक्षा कसली? नाटकाची समीक्षा असते, पुस्तकाची असते. स्वागत समारंभातल्या सुगम संगीताची समीक्षा कोण करतं?

कोणीच करत नाही, आमची तक्रार नेमकी तीच आहे. आपल्या शहरात वर्षभरात जेवढी माणसं सभागृहात तिकीट काढून गाणं ऐकत असतील, त्याहून कितीतरी जास्त माणसं लॉनवर, हातात ताट धरून, गाण्यासमोर उभी असतात. अनेक कलावंतांचं घर याच कामावर चालतं. वसंतराव देशपांडे सभागृहातल्या मैफलीवर दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून येतात. लॉनवरच्या कार्यक्रमाबद्दल एवढंच बोललं जातं की पनीर बरं होतं.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. आम्ही म्हणजे तीन-चार जण, ओळखीपाळखीच्या घरचे कार्यक्रम ठरवून देणारे. हा आमचा धंदा नव्हे, हौस आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काका नाट्यसंगीताचे वेडे. घरच्यांनी सांगितलं, काकांच्या आवडीचं काहीतरी ठेवा. आम्ही एका जाणत्या गायिकेला बोलावलं. साथीला ऑर्गन आणि तबला. बिछायतवाल्यानं मंच सुंदर सजवला होता. डिसेंबरची थंडी, लॉन, दिव्यांच्या माळा. कशात म्हणून कमी नव्हती.

झालं असं, की मंच लॉनच्या एका टोकाला आणि जेवणाचे काउंटर दुसऱ्या टोकाला. त्यामुळे माणसं ज्या वेळी आली त्या वेळी थेट काउंटरकडे वळली. गायिकेसमोर खुर्च्यांच्या बारा रांगा, त्यात सगळे मिळून नऊ-दहा माणसं. त्यांतली दोन लहान मुलं. काका पहिल्या रांगेत होते, पण दर मिनिटाला कुणीतरी येऊन वाकायचं, पाया पडायचं, फोटो काढायचं. काका अर्धे गाण्याकडे, अर्धे पाहुण्यांकडे. पावणेदहाला घरच्यांना आठवण झाली की सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो राहिला. आणि चांगला उजेड मंचावरच. मग गायिकेला विनंती झाली, "पाच मिनिटं थांबता का?" ती पाच मिनिटं पंधरा झाली. दहा वाजले. साऊंडवाल्यानं वायरी गुंडाळायला घेतल्या.

पाकीट देताना आम्ही ओशाळलो होतो. तबल्यावर जे बसले होते ते म्हणाले, "पैसे पूर्ण मिळाले जी, कार्यक्रम मात्र अर्धाच झाला." त्यांचा सूर रागाचा नव्हता. सवयीचा होता. त्याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं. आणि काका घरी जाताना म्हणाले, "त्या बाईंना एकदा नीट ऐकायचं राहूनच गेलं रे."

त्या रात्री चूक कुणाची होती? गायिका उत्तम. पाहुणे सभ्य. आचारी, बिछायतवाला, साऊंडवाला, ज्याचं त्याचं काम प्रत्येकानं चोख केलं. चूक आमची होती, आणि ती नियोजनाची होती. आम्ही गायिकेला बोलावलं, पण तिच्यासाठी प्रेक्षक बोलावले नाहीत. आम्ही समजून चाललो की तीनशे पाहुणे आले म्हणजे तीनशे प्रेक्षक आले.

आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे. पाहुणा आपोआप प्रेक्षक होत नाही. त्याला प्रेक्षक करावं लागतं, आणि ते काम कलावंताचं नाही, यजमानाचं आहे.

आता समारंभाचं नियोजन कागदावर कसं होतं ते बघा. एक यादी असते. हॉल किंवा लॉन, जेवण, मांडव, फुलं, दिवे, फोटो-व्हिडिओ, आणि शेवटी "एंटरटेनमेंट". तिच्यापुढे एक आकडा. म्हणजे गाणारा माणूस फुलांच्या आणि दिव्यांच्या रांगेत बसतो. फुलं लावली की काम संपतं, कुणी बघो न बघो. गाण्याचं तसं नसतं. ऐकणारं कुणी नसेल तर ते पूर्णच होत नाही. यादीत चूक आकड्याची नसते, रकान्याची असते. कार्यक्रम सजावटीच्या रकान्यात गेला की पुढचं सगळं तसंच घडत जातं. मंच कोपऱ्यात जातो, वेळ उरलेली मिळते, आवाज वाढवावा लागतो, कारण माणसं बोलताहेत. आवाज वाढला की माणसं आणखी मोठ्यानं बोलतात.

हे सगळं उलट कसं करता येतं, हे शिकायला लांब जायला नको. नागपूरहून पूर्वेला निघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. धानाचा, तलावांचा, जंगलाचा मुलूख, म्हणून झाडीपट्टी. दंडार, खडी गंमत यांची जुनी परंपरा तिथली. आणि तिथली रंगभूमी आजही खेड्यापाड्यांत तिकिटावर चालते. दिवाळीच्या सुमारास मंडई भरू लागतात, धान कापून होतं, लोकांच्या हाती थोडा पैसा आणि थोडा वेळ येतो, आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं आहेत. गावोगावची मंडळं तिथं येतात, नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात.

मंडळी, हेसुद्धा समारंभासाठी कार्यक्रम ठरवणंच आहे. नाटक हवेत होत नाही, ते कशाला तरी जोडून येतं. गावात मंडई असते किंवा शंकरपट असतो, म्हणजे बैलांच्या शर्यती. त्यासाठी पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात. दिवसा पट, रात्री नाटक. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. ही तारखांची गोष्ट एवढ्यासाठी सांगतो, की दिवसाचा सोहळा आणि रात्रीचं नाटक यांची गाठ किती जुनी आणि पक्की आहे हे लक्षात यावं. एकाचं निमित्त दुसऱ्याला प्रेक्षक पुरवतं.

पण फरक बघा. शंकरपटाला आलेला माणूस पाहुणा असतो. संध्याकाळी घरी तो जेवतो. मग अंगावर शाल-चादर घेऊन, तिकीट काढून, नाटकाच्या मांडवात जाऊन बसतो. त्या क्षणी तो पाहुणा राहत नाही, प्रेक्षक होतो. जेवण आधी, घरी. नाटक नंतर, वेगळ्या जागी. बसायची जागा ठरलेली. तोंड मंचाकडे. नाटक रात्र रात्र चालतं आणि लोक बसतात. आपण म्हणतो, लोकांना आता पंधरा मिनिटंही धीर नाही. लोक तेच आहेत हो! वडशाला ज्याचा मामा राहतो तोच माणूस इथं लॉनवर पंधरा मिनिटांत उठतो आणि तिथं पहाटेपर्यंत बसतो. माणूस बदलला नाही, मांडणी बदलली.

या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी अनेकांनी झाडीपट्टीचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल. नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर ही एवढी मोठी व्यवस्था चालते आणि इथल्या कार्यक्रम ठरवणाऱ्यांना तिची खबर नसते, ही आपलीच लाज आहे.

झाडीपट्टी म्हणजे सगळं सोनं, असंही आम्ही म्हणत नाही. तिथंही धंद्याचे दबाव आहेत. नाटकाच्या जोडीनं नुसत्या नाचगाण्याची मागणी वाढली, त्याबद्दल तिथलीच जाणकार माणसं नाराजीनं बोलतात. रात्रभराचा प्रयोग शहरातल्या वस्तीत आणणं शक्य नाही आणि योग्यही नाही. शिकायचं आहे ते एवढंच, की ती मंडळं आधी प्रेक्षकाचा विचार करतात. तो कुठून येईल, कधी जेवेल, कुठं बसेल, थंडीत कसा टिकेल. मग नाटक.

कुणी म्हणेल, ते नाटक आहे, तिकीट आहे. लग्नात तिकीट थोडंच लावणार? बरोबर. मग लग्नातलंच उदाहरण घेऊ. आपल्या लग्नात एक कार्यक्रम असा आहे की जो कधी पडत नाही. माईक खराब असो, गाणारी आत्या बेसूर असो, उन्हाचा कहर असो, सगळा मांडव उभा राहून ऐकतो. कोणता? मंगलाष्टकं.

हसू नका, जरा विचार करा. मंगलाष्टकं का चालतात? एक म्हणजे ती मुहूर्ताला बांधलेली असतात, त्या वेळी दुसरं काहीच चालू नसतं. जेवण सुरू नसतं, फोटोची रांग नसते. दुसरं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, अंतरपाटाकडे. तिसरं, ती संपणार हे सगळ्यांना माहीत असतं. आणि चौथं, सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येकाच्या हातात अक्षता असतात. ऐकणाऱ्याला काम दिलेलं असतं. "सावधान" आलं की टाकायच्या. म्हणून कान तिकडं लागलेला असतो. चार दाण्यांनी तीनशे पाहुण्यांचा प्रेक्षक केला. ज्यानं कुणी ही पद्धत बसवली त्याला आम्ही नियोजनातला मोठा माणूस मानतो.

हीच कसोटी घेऊन बाकीचे प्रकार तपासू.

वरातीपासून सुरू करू. नागपुरात वरातीला बँड असतो, संदल असतं, धुमाल असते. सुशिक्षित मंडळी या प्रकारांना नाकं मुरडतात. आमचं मत जरा वेगळं आहे. आपल्या जागी धुमाल हा यशस्वी कार्यक्रम आहे. कारण तिथं नुसता बघणारा कुणी नसतोच. नवरदेवाचे मित्र नाचतात, मावश्या नाचतात, काका नोटा ओवाळतात. वाजवणारा नाचणाऱ्याकडे बघून लय चढवतो, उतरवतो. सगळ्यांच्या हातात अक्षता आहेतच म्हणा ना, इथं त्या पायात आहेत. तक्रार आहे ती आवाजाची आणि जागेची. रस्त्यावरच्या घरात कुणी आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, तो ना पाहुणा ना प्रेक्षक. त्याला आपण विचारलेलं नाही. ज्यानं कार्यक्रम मागितला नाही त्याच्यावर तो लादायचा नाही, हाही नियोजनाचाच भाग आहे.

आता हळदी-संगीताकडे या. आपल्याकडे हे अलीकडचं, उत्तरेकडून आणि सिनेमातून आलेलं. नवरीच्या मैत्रिणी, नवरदेवाचे भाऊ, दोन्हीकडच्या आया, सगळे महिनाभर नाच बसवतात. कलेच्या मापानं यातलं पुष्कळसं सामान्य असतं. पण लोक बघतात की नाही? बघतात, टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात. कारण नाचणारी आपली वहिनी आहे. नात्यानं प्रेक्षक तयार केलेला असतो. या प्रकाराला आमची हरकत एकच. घरच्यांचे बारा नाच झाल्यावर, साडेनऊला, बाहेरून बोलावलेल्या गायकाला माईक देतात. तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते आणि ज्याला बघायचं तो आपला माणूस नाचून झालेला असतो. त्या गायकाला आपण हरायलाच उभं करतो.

भीमजयंतीच्या आसपास शहरातल्या वस्त्यांमध्ये भीमगीतांचे आणि कव्वालीचे कार्यक्रम होतात. समोरासमोर दोन गायकांचा सामना असतो. तो ज्यांनी बसून ऐकला आहे त्यांना सांगायला नको, की तिथं प्रेक्षक काय चीज असतो. सवाल कुणी केला, जवाब कसा आला, हे तो मोजत असतो. सतरंजीवर बसलेली बाई कलावंताला दाद देते आणि चुकलं तर तोंडावर सांगते. तिथं मंचाची सजावट थोडी असते, पण ऐकण्याची तयारी मोठी असते. कारण गाण्यात जे आहे ते तिच्या आयुष्याचं आहे. समारंभाचं निमित्त आणि गाण्याचा विषय तिथं एकच असतो. काकांच्या समारंभातही ते एकच होतं खरं तर. काकांचं आयुष्य आणि ते नाट्यसंगीत. पण ते कुणी पाहुण्यांना सांगितलंच नाही. ही पदं का गायली जाताहेत, काकांनी कोणतं नाटक कुणाबरोबर पाहिलं होतं, हे दोन मिनिटं कुणी उभं राहून बोललं असतं, तर निम्मी माणसं ताट ठेवून पुढं आली असती.

मग पार्श्वसंगीत वाईटच का? जेवताना मंद संतूर, बासरी, हे नकोच का? नाही, तसंही नाही. इथं जरा बाहेरचं उदाहरण देतो. एरिक साती नावाचा फ्रेंच संगीतकार होता. त्यानं एक कल्पना काढली, फर्निचरसारखं संगीत. खुर्ची जशी खोलीत असते तसं संगीत असावं, कुणी मुद्दाम ऐकू नये. १९२० साली पॅरिसमधल्या एका कलादालनात, नाटकाच्या मध्यंतरात, त्यानं ते वाजवून घेतलं. आणि गंमत अशी झाली की वाद्यं सुरू होताच लोक गप्प होऊन जागेवर परतू लागले. साती त्यांना ओरडून सांगू लागला, बोला, फिरा, ऐकू नका! लोक ऐकतच राहिले. कारण ते तिथं प्रेक्षक म्हणून आले होते, आणि प्रेक्षकाची सवय सहज मोडत नाही.

आमच्या लॉनवर नेमकं याच्या उलट घडलं. पण सातीकडून एक गोष्ट घ्यावी. त्याला काय हवं होतं ते त्यानं स्पष्ट ठरवलं होतं. फर्निचरचं संगीत हवं तर तसं सांगा. वादकाला आधी सांगा, की लोक जेवत असतील, बोलत असतील, तुम्ही मंद वाजवायचं आहे. पुष्कळ चांगले वादक ते काम आनंदानं घेतात, त्याचं वेगळं कौशल्य असतं. अपमान होतो तो फसवणुकीनं. मैफल म्हणून बोलवायचं आणि फर्निचर म्हणून वापरायचं, हे करू नका.

आता थोडा हिशेब करू, वेळेचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सवांसाठी, १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. तुमच्या भाच्याचं लग्न त्या १५ दिवसांत बसेल ही आशा करू नका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. आणि ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते. बंद सभागृहाला रात्रीच्या बाबतीत सवलत आहे, आवाज आतल्या आत राहत असेल तर.

म्हणजे लॉनवर तुमच्याजवळ १० वाजेपर्यंतचाच वेळ आहे. पत्रिकेत लिहायचं सायंकाळी ७. आपल्याकडे ७ म्हणजे सव्वाआठ. सव्वाआठला माणसं येणार, आशीर्वादाची रांग लागणार, साडेआठला जेवण उघडणार. मग उरलं काय? दीड तास, आणि तोही ताटांच्या आवाजातला. म्हणून आम्ही आता स्पष्ट सांगतो. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम ठेवायचा तर त्या चाळीस मिनिटांत काउंटर झाकलेले राहतील आणि आशीर्वादाची रांग बंद राहील. यजमानाला हे कबूल असेल तर कलावंताला फोन करायचा. कबूल नसेल तर स्पीकरवर गाणी लावा. त्यात काही कमीपणा नाही. जिवंत माणसाला बोलावून त्याच्याकडे पाठ करण्यापेक्षा ते बरं.

पैशाचंही थोडं बोललं पाहिजे. कार्यक्रम ठरवणं याला आपल्याकडे सुपारी म्हणतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जत्रांच्या हंगामाआधी गावोगावचे पंच तिथं येतात, फडमालकाशी बोलतात, सुपारी ठरते. सुपारी शब्दाचा वापर आता गुंडगिरीत जास्त होतो, पण मुळात ते आमंत्रण आहे. अक्षत-सुपारी देऊन देवाला आणि सोयऱ्याला बोलावतात तसं. त्यात दोन्ही बाजूंचा शब्द गुंतलेला असतो. आज आपण मोबाइलवर "या तारखेला फ्री आहे का" एवढं विचारतो आणि त्याला ठरवणं म्हणतो.

आमच्या अनुभवातून चार साध्या गोष्टी, ज्या आधी ठरल्या पाहिजेत. बिदागी किती, त्यात साथीदारांची धरली आहे का, विसार किती आणि उरलेली रक्कम कधी. कार्यक्रम सुरू होण्याआधी द्यावी असं आम्ही म्हणतो, म्हणजे रात्री साडेअकराला तबलजीला यजमान शोधत फिरावं लागत नाही. दुसरं, कलावंत जेवणार कधी आणि कुठं. सगळ्यांचं आवरल्यावर, गार झालेल्या पातेल्यांपाशी, असं नको. तिसरं, कपडे बदलायला बंद होणारी खोली आणि जवळ स्वच्छतागृह. लावणीच्या मुलींना बसमध्ये, पडद्याआड, जनरेटरमागं कपडे बदलताना आम्ही पाहिलं आहे. तीनशे खुर्च्यांना सॅटिनची झालर लावणाऱ्या घराला एक खोली देता येऊ नये? चौथं, मद्य वाढलं जाणार असेल तर ते आधी सांगायचं आणि मंचाजवळ दोन जबाबदार माणसं उभी करायची.

गाण्यांच्या हक्कांबद्दल लोक घाबरतात म्हणून एवढंच सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींसाठी सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरले आहेत. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये तसं जाहीरही केलं. पण कंपनीची पार्टी, हॉटेलचा थर्टी फर्स्ट, तिकिटाचा कार्यक्रम, यांना ही सूट लागू नाही, तिथं रीतसर परवाना घ्यावा लागतो.

बोलणं संपवत आणतो. एक इतिहास आठवावा असा आहे. संगीतकारानं श्रीमंतांच्या समारंभात हुजऱ्यासारखं गावं, ही स्थिती फार जुनी नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, गाणाऱ्याला समाजात ताठ मानेनं उभं केलं. सभागृहात आपण तो मान आज देतो. तोच गायक, तेच आपण, लॉनवर गेलो की मात्र सगळं विसरतो. सव्वाशे वर्षांचं काम पनीरच्या काउंटरपाशी वाया जातं.

गेल्या वर्षी काकांच्या पणतीचं बारसं झालं. आम्ही हट्टानं त्याच गायिकेला पुन्हा विचारलं. खरं सांगायचं तर विचारताना लाज वाटत होती. या वेळी लॉन नाही, सोसायटीचा खालचा हॉल. सतरंज्या घातल्या, वयस्करांना भिंतीकडेनं खुर्च्या. पाळण्याची गाणी घरच्या बायकांनी म्हटली, गायिकेनं त्यांच्यात सूर मिसळला, आणि तिथूनच तिनं पुढं सुरू केलं. पस्तीस मिनिटं. जेवण नंतर. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. नेहमीप्रमाणे उशिरा आलेले पंचवीस-तीस जण दारात उभे राहिले, जेवण झाकलेलं पाहून कुरकुरले. एका मेहुण्यांनी नंतर घरच्यांना ऐकवलंही. हॉल लहान म्हणून सव्वाशे माणसांनाच बोलावता आलं, त्याचे रुसवे अजून चालू आहेत. ही किंमत आहे आणि ती यजमानाला मोजावी लागते. पण काका आता पंच्याऐंशीच्या घरात, मांडीवर पणती घेऊन समोर बसले होते, आणि मधे कुणी पाया पडायला गेलं नाही.



(प्रश्न : तुम्ही म्हणता ते मोठ्यांना ठीक आहे. घरातल्या मुलांना डीजेच हवा असतो. त्यांचं काय?)

त्यांना डीजे द्या की! डीजेसमोर मुलं नाचतात, म्हणजे त्यांच्या हातात अक्षता आहेत. फक्त डीजे आणि मैफल एकाच मंचावर, एकामागून एक ठेवू नका. बंद हॉल घ्या, आवाज आतच ठेवा, आणि आजीला खुर्ची स्पीकरसमोर नको. सगळ्यांना एकाच कार्यक्रमात खूश करायला गेलं की कुणीच खूश होत नाही.

(प्रश्न : पाहुण्यांना उपाशी बसवून गाणं ऐकवायचं, हे आपल्या संस्कृतीत बसतं का?)

उपाशी बसवू नका. आल्या आल्या चहा, चिवडा द्या, उन्हाळा असेल तर पन्हं द्या. पोटात थोडं गेलं की माणूस चाळीस मिनिटं बसतो. आणि आपल्याकडे पंगतीतही श्लोक म्हणायची पद्धत होतीच की. वाढून झालेलं असायचं, पानावर वाफाळता भात असायचा, तरी एकाचा श्लोक होईपर्यंत सगळे हात थांबायचे.